कुत्र्याला पोळी-भात लागतो का? कार्ब्सबद्दल जरा सविस्तर

प्रश्न असा आलाय: लॅब्रॅडॉर आहे, दोन वर्षांचा, नर, न्यूटर केलेला, वजन 34 किलो. सासूबाई त्याला सकाळी चार आणि संध्याकाळी चार पोळ्या दुधात कुस्करून घालतात, चिकन फक्त रविवारी. आता नवीन ट्रेनर आलाय, तो म्हणतो कुत्रा म्हणजे लांडगाच, त्याला धान्याचा कणसुद्धा द्यायचा नाही, कार्ब्सने डायबेटिस होतो, कॅन्सर होतो, स्किन ॲलर्जी होते, आजपासून फक्त कच्चं चिकन सुरू करा. सासूबाई म्हणतात आमच्या गावाकडची कुत्री भाकरीवर म्हातारी झाली. घरात रोज यावरून वाद, म्हणून विचारलंय की कुत्र्याला कार्बोहायड्रेट लागतात की नाही ते एकदाचं सांगा.

तर आधी सरळ उत्तर देतो. सुदृढ, पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्याला कार्ब्स मिळालेच पाहिजेत असं नाही. पण शिजवलेले कार्ब्स त्याला छान पचतात आणि त्याने त्याचं काही बिघडत नाही. बिघडतं ते कार्ब्सनी भांड्यातली प्रोटीनची, फॅटची, कॅल्शियमची जागा खाल्ली की. माझ्याकडे पोळी खाल्ली म्हणून आजारी पडलेला कुत्रा क्वचित येतो, पोळीशिवाय काही मिळालंच नाही म्हणून बिघडलेले मात्र भरपूर येतात, आणि हल्ली इंटरनेटवर वाचून नुसत्या चिकनवर ठेवलेलेही यायला लागलेत. दोन्हीकडे भरडला जातो तो बिचारा कुत्रा, त्यामुळे हे मी जरा पोटतिडकीने लिहितोय, लांबलं तर समजून घ्या.

ट्रेनरचं बरोबर कुठे आहे ते आधी बघू. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलचं 2006 सालचं जे जाडजूड डॉक्युमेंट आहे, ज्यावर जगभरातले डॉग फूडवाले आणि न्यूट्रिशनवाले चालतात, त्यात प्रोटीनचं, फॅटचं, प्रत्येक व्हिटॅमिन-मिनरलचं किमान प्रमाण दिलंय, पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्यासाठी कार्ब्सचं दिलेलं नाही. ॲफको (अमेरिकेत पशुखाद्याची स्टँडर्ड ठरवणारी संस्था), तिच्या स्टँडर्डमध्येही नाही. कारण सोपं आहे, मेंदूला आणि लाल पेशींना ग्लुकोज लागतंच, पण ते कुत्र्याचं लिव्हर स्वतः तयार करतं, प्रोटीनमधल्या अमिनो ॲसिडपासून आणि फॅटमधल्या ग्लिसरॉलपासून. म्हणजे एक दाणा भात न खाताही कुत्र्याची शुगर नॉर्मल राहते. कच्चा माल म्हणून प्रोटीन भरपूर मिळत असेल तर.

ही शेवटची अट फार महत्त्वाची आहे आणि इंटरनेटवर नेमकी तीच गाळली जाते. 1981 मध्ये एक प्रयोग छापून आला होता, गाभण कुत्र्यांना कार्ब्स अजिबात नसलेलं खाणं दिलं, त्यात साधारण चौथा हिस्सा कॅलरी प्रोटीनमधून आणि बाकी सगळ्या फॅटमधून. दुसऱ्या गटाला कार्ब्स असलेलं खाणं. कार्ब्सवाल्या गटात जन्मलेल्यांपैकी 96 टक्के पिल्लं जिवंत होती, बिनकार्ब्सच्या गटात 63 टक्के. याच गटातल्या आयांची शुगर शेवटच्या आठवड्यात पार खाली गेली होती. पुढे 1989 मध्ये दुसऱ्यांनी हाच प्रयोग प्रोटीन दुप्पट करून केला तर बिनकार्ब्सच्या आयांनाही काही त्रास झाला नाही. म्हणजे प्रोटीन खूप वाढवलं तर गाभणपणातही निभावतं, पण घरी हा हिशोब कोण करणार? म्हणून तुमची फीमेल गाभण असेल किंवा पिल्लांना पाजत असेल तर कार्ब्स बंद करायचे प्रयोग कृपा करून करू नका. तिच्या खाण्यात शिजवलेला भात, भाकरी असलीच पाहिजे, आणि मटण-चिकन-अंडीही नेहमीपेक्षा जास्त.

आता कुत्रा म्हणजे लांडगाच, या वाक्याकडे येतो. 2013 मध्ये स्वीडनच्या उप्साला युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी कुत्रे आणि लांडग्यांचे जीन्स शेजारी ठेवून बघितले. स्टार्च फोडायला स्वादुपिंडातून अमायलेज नावाचं एन्झाइम येतं, त्याच्या जीनच्या लांडग्यात 2 कॉपी सापडल्या आणि कुत्र्यात 4 पासून 30 पर्यंत. स्टार्च फोडल्यावर पुढचं जे काम असतं, माल्टोजचं ग्लुकोज करणं आणि ते आतड्यातून रक्तात ओढून घेणं, त्या जीन्समध्येही बदल दिसले. माणूस शेती करायला लागला, कुत्रा त्याच्या दारात राहून उरलंसुरलं खायला लागला, आणि ज्यांना धान्य पचलं ते टिकले, असं सगळं ते प्रकरण आहे. युरोपातल्या 7000 वर्षांपूर्वीच्या कुत्र्यांच्या हाडांतसुद्धा या जादा कॉपी सापडल्यात. लांडगा कुत्र्याचा पूर्वज खरा, पण मधल्या काळात कुत्र्याचं पोट बदललं.

सगळ्या ब्रीडमध्ये मात्र हे सारखं नाही. हस्की आणि ऑस्ट्रेलियाच्या डिंगोमध्ये या कॉपी कमी असतात, कारण ते ज्या लोकांबरोबर वाढले ते शेती करणारे नव्हतेच. आपल्याकडे पुण्या-मुंबईत फ्लॅटमध्ये हस्की पाळायचं वेड आलंय (उन्हाळ्यात त्यांचे हाल बघवत नाहीत, पण तो वेगळा विषय), त्या लोकांनी हे लक्षात ठेवावं. हस्कीला भात चालतच नाही असं नाही, शिजवलेला असेल तर तोही पचवतो, फक्त त्याच्या भांड्यात कार्ब्सचा वाटा कमी ठेवलेला बरा.

आणि शिजवणं हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. कुत्र्याच्या लाळेत अमायलेज जवळपास नसतंच, तो घास चावत बसत नाही, गिळतो, त्यामुळे स्टार्चचं सगळं काम खाली छोट्या आतड्यात होतं. कच्च्या दाण्यातला स्टार्च घट्ट असतो, पाण्यात शिजला की तो फुगतो, मऊ होतो, मग एन्झाइम आत शिरतं. नीट शिजवलेल्या भाताचा स्टार्च कुत्रा 95 टक्क्यांच्या वर पचवतो. अर्धाकच्चा राहिला तर तो न पचता मोठ्या आतड्यात जातो, तिथे बॅक्टेरिया त्याला आंबवतात, मग गॅस, गुडगुड, पातळ शी. "आमच्या डॉगला भात सूट होत नाही" म्हणून जे येतात त्यांना मी विचारतो भात कसा देता, तर अनेकदा आपण खातो तसा मोकळा, फडफडीत. आपण चावून खातो, तो गिळतो. कुत्र्याचा भात जास्त पाणी घालून, शीत बोटाने दाबलं की चिरडलं जाईल इतका मऊ करायचा, बहुतेकांची तक्रार तिथेच संपते. भाकरी मधे ओली राहते तशी नको, पातळ थापून खरपूस भाजलेली हवी, आणि खाताना पाण्यात किंवा चिकनच्या पाण्यात भिजवून.

आता सासूबाईंच्या भांड्याचा हिशोब करू, कारण नुसतं "बॅलन्स नाही" म्हणून कुणाला पटत नाही, आणि पटूही नये. आठ पोळ्या, एकेका पोळीला 40 ग्रॅम कणीक धरली तर 320 ग्रॅम कणीक. त्यातून साधारण 1090 कॅलरी आणि 38 ग्रॅम प्रोटीन. त्यावर दिवसभराचं 700 मिली गाईचं दूध धरू, म्हणजे 455 कॅलरी आणि 22 ग्रॅम प्रोटीन. एकूण दीड हजाराच्या थोडं वर कॅलरी आणि 60 ग्रॅम प्रोटीन. तूप लावत असाल तर कॅलरी अजून वाढवा. यातल्या दोनतृतीयांश कॅलरी नुसत्या कार्ब्सच्या. ॲफकोच्या स्टँडर्डने मोठ्या कुत्र्याला दर 1000 कॅलरीमागे किमान 45 ग्रॅम प्रोटीन लागतं, इथे 39 पडतंय. त्यात गव्हाच्या प्रोटीनमध्ये लायसिन हे गरजेचं अमिनो ॲसिड कमी. कॅल्शियम बघा, दुधातून आणि कणकेतून मिळून 950 मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे लागतं त्याच्या निम्मंच, आणि कणकेतल्या कोंड्यात फायटेट असतं ते कॅल्शियम आणि झिंक धरून ठेवतं म्हणजे त्यातलंही सगळं अंगी लागत नाही. दुधाच्या फॅटमध्ये लिनोलेइक ॲसिड (कातडी-केसांना लागणारा फॅटचा प्रकार) फार थोडं, म्हणून अशा कुत्र्याची कातडी कोरडी, केस रुक्ष, अंगावर हात फिरवला की कोंडा. सासूबाईंच्या मायेत काडीची कमतरता नाही, कुत्र्याचं पोटही भरतंय, वजन तर जास्तच वाढलंय, आणि तरीही तो उपाशी आहे. लठ्ठ आणि कुपोषित एकाच वेळी असू शकतं हे लोकांना पटवणं हे माझ्या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे.

मोठा कुत्रा हे बरीच वर्षं ओढून नेतो. पिल्लू नेत नाही. मोठ्या जातीचं पिल्लू, समजा जर्मन शेफर्ड किंवा ग्रेट डेन, चार महिन्यांचं, घरात कडक शाकाहारी, दूध-पोळी आणि नाचणीचं सत्त्व. पिल्लू उभं राहताना पुढचे पंजे पसरतात, मनगटाशी पाय वाकतो, उचलून घेतलं की केकाटतं. एक्स-रे काढला की हाडं मांसापेक्षा फारशी पांढरी दिसतच नाहीत, कडा पेन्सिलने पुसट काढल्यासारख्या, आणि कुठेतरी न पडता-झडता झालेलं फ्रॅक्चर. रक्तात कॅल्शियम कमी पडतंय म्हणून शरीर हाडातून काढून घेतं, त्याचा हा परिणाम. नाचणीत कॅल्शियम भरपूर, 100 ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणून लोक निर्धास्त असतात, पण पिल्लू सत्त्व खाऊन खाऊन किती खाणार आणि फायटेटमुळे त्यातलं हाती किती लागणार.

आणि आता ट्रेनरसाठी. हाच एक्स-रे, अगदी असाच, फक्त बोनलेस चिकनवर ठेवलेल्या पिल्लाचाही येतो! मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य, पंधरा-वीसला एक असं प्रमाण, लागतं साधारण एकाला एक किंवा कॅल्शियम थोडं जास्त. लांडगा हाडं, आतडी, लिव्हर, रक्त, कातडी सगळं खातो, आपण देतो चिकन ब्रेस्टचे तुकडे आणि म्हणतो नैसर्गिक आहार. वर कच्चं चिकन म्हणजे साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर, कुत्र्याला कदाचित काही होणार नाही, पण तोच कुत्रा घरातल्या लहान मुलाचं तोंड चाटतो. आपल्याकडच्या कोंबडीच्या दुकानातली स्वच्छता बघता मी कच्चं द्या असं कधीच सांगत नाही.

गावच्या कुत्र्यांचं काय? सासूबाई खोटं बोलत नाहीयेत. पण गावचं कुत्रं नुसत्या भाकरीवर कधीच नव्हतं. ते उंदीर-घुशी मारायचं, शेळी व्याली की वार खायचं, मेलेलं जनावर ओढून टाकलं की तिथे पोचायचं, खाटकाच्या दुकानामागे बसायचं, आणि माणसाची घाणही खायचं, हे ऐकायला बरं नाही वाटत पण खरं आहे. भाकरी तेवढी आपण टाकली म्हणून आपल्या लक्षात राहिली. शिवाय दहातली जी दोन-तीन म्हातारी झाली ती आठवतात, पहिल्याच वर्षात गेलेली कुणी मोजत नाही. तुमचा लॅब तिसऱ्या मजल्यावर राहतो, त्याला यातलं काहीच मिळत नाही, त्याला भांड्यात येईल तेवढंच.

सोलापूर-लातूर-सांगली पट्ट्यात कारवानी म्हणजे आपले देशी शिकारी कुत्रे पाळणाऱ्यांकडे बघा. ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी आहे, दूध आहे, पण रेसचा किंवा शिकारीचा कुत्रा म्हटला की बरोबर अंडी आणि मटण असतंच. आणि यात शास्त्रही आहे. ग्रेहाउंडवर झालेल्या एका प्रयोगात प्रोटीन खूप वाढवून कार्ब्स कमी केले तेव्हा ते किंचित हळू पळाले. थोडक्या अंतराच्या जोरदार पळण्यात स्नायूंतलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, जळते, तिथे कार्ब्सचा उपयोग होतो. उलट अलास्कातले स्लेज ओढणारे कुत्रे घ्या. ते हजार-दीड हजार किलोमीटरची रेस बर्फात पळतात, दिवसाला 10,000 कॅलरीच्या पुढे जाळतात, त्यांचं इंधन मुख्यतः फॅट. 1970 च्या दशकात पेनसिल्व्हेनियात अशा कुत्र्यांवर काम झालं तेव्हा जास्त कार्ब्सवाले कुत्रे पळताना आखडायचे आणि बिनकार्ब्सवाले उत्तम पळायचे. दोन्ही खरं आहे. कुत्रा काय काम करतो त्यावर ठरतं, आणि तुमचा लॅब सकाळी वीस मिनिटं सोसायटीला फेरी मारून सोफ्यावर झोपतो, त्याला यातलं काहीच लागू नाही, त्याला मोजून मापून खाणं लागतं.

मग डायबेटिस. कुत्र्यातला डायबेटिस आपल्यासारखा, म्हणजे गोड आणि भात खाऊन वजन वाढलं आणि शुगर आली, असा सहसा नसतो. त्याच्यात स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात, म्हणून बहुतेकांना पहिल्या दिवसापासून इन्सुलिनचं इंजेक्शन लागतं. न्यूटर न केलेल्या मोठ्या वयाच्या फीमेलमध्ये हीटनंतरच्या हार्मोनमुळे होतो, पॅन्क्रियाटायटिसनंतर (स्वादुपिंडाला सूज आल्यावर) होतो. लठ्ठपणाने इन्सुलिन नीट काम करत नाही हे खरं, पण लठ्ठपणा जादा कॅलरीने येतो, मग त्या पोळीच्या असोत की चिकनच्या सालीच्या. उलट कार्ब्स बंद करून भांडं तुपा-सालीने भरलं तर पॅन्क्रियाटायटिसची भीती. दिवाळीनंतर उलट्या करणारे, पाठीची कमान करून उभे राहणारे असे कुत्रे दरवर्षी येतात आणि त्यात काही वाचत नाहीत. कॅन्सरचं म्हणाल तर, गाठीतल्या पेशी ग्लुकोज जास्त वापरतात हे खरं, पण वर सांगितलं तसं तुम्ही भात बंद केलात तरी लिव्हर शुगर तयार करत राहतंच, गाठीला उपाशी ठेवता येत नाही. कार्ब्स बंद करून कुत्र्याचा कॅन्सर बरा होतो असं सांगून कुणी महागडं खाणं विकत असेल तर पैसे ट्रीटमेंटला ठेवा.

ॲलर्जीबद्दल तर फारच गैरसमज आहे. खाण्याची ॲलर्जी सिद्ध झालेल्या कुत्र्यांचा 2016 मध्ये एकत्र आढावा घेतला गेला, त्यात बीफ 34 टक्के, दूध-दुभतं 17, चिकन 15 आणि गहू 13. म्हणजे यादीत वर तीन प्राण्यांचे पदार्थ आणि मग गहू. तांदूळ तर खूपच खाली. आपल्या दमट हवेत खाजवणाऱ्या कुत्र्यांत आधी गोचीड-पिसू, मग फंगस, मग हवेतली ॲलर्जी, आणि मग कुठेतरी खाणं. अपवाद आहेत, आयरिश सेटरच्या काही घराण्यांत गव्हाच्या ग्लुटेनने आतडी बिघडतात, बॉर्डर टेरियरमध्ये ग्लुटेनने झटक्यासारखा आजार होतो, पण हे आपल्याकडे दिसणारे ब्रीड नव्हेत.

आणि ग्रेन-फ्री लिहिलेलं पाकीट म्हणजे कार्ब्स-फ्री नव्हे, हे कृपया नीट वाचा. किबल, म्हणजे पाकिटातलं कोरडं दाणेदार खाणं, बनतं तेव्हा पीठ दाबून-फुगवून दाणा तयार करावा लागतो, त्याला स्टार्च लागतोच. धान्य काढलं की बटाटा, वाटाणा, मसूर, छोले येतात. अमेरिकेच्या एफडीएने (अन्न-औषध खात्याने) 2018 मध्ये अशा डाळी-बटाटेवाल्या ग्रेन-फ्री खाण्याचा आणि हृदय मोठं होण्याच्या आजाराचा संबंध आहे का याची चौकशी सुरू केली. तसा संबंध आजवर पक्का सिद्ध झालेला नाही, पण गोल्डन रिट्रीव्हर, डॉबरमन, बॉक्सर, ग्रेट डेन असेल तर उगाच दुप्पट पैसे देऊन असलं फूड घेण्यात मला अर्थ वाटत नाही.

पाकिटावर कार्ब्सचा आकडा सहसा लिहिलेला नसतो, तो आपण काढायचा. प्रोटीन 24, फॅट 10, फायबर 4, मॉइश्चर 10 असं लिहिलं असेल तर त्यात ॲश म्हणजे मिनरलचे 8 मिळवा, झाले 56, शंभरातून वजा केले की उरलेले 44 टक्के कार्ब्स. आकडा बघून घाबरू नका, हे मधल्या किमतीच्या चांगल्या फूडमध्ये नेहमीचं आहे. फक्त प्रोटीन 18-20 वर आलं असेल आणि यादीत पहिली दोन-तीन नावं मका, तांदळाचा कोंडा, सोया अशीच असतील तर दुसरं बघा.

काही कुत्र्यांना तर मी स्वतःहून कार्ब्स वाढवून देतो. किडनी निकामी होत चालली असेल तर फॉस्फरस कमी करावा लागतो, म्हणजे मांस कमी, मग कॅलरी भात आणि तेल-तुपातून. लिव्हरचा शंट असेल (रक्त लिव्हरला वळसा घालून जातं तो दोष) आणि अमोनिया डोक्यात चढत असेल तर मांसाऐवजी पनीर-दही-डाळ आणि भात. पॅन्क्रियाटायटिसमधून उठलेल्याला फॅट चालत नाही, त्याला मऊ भात आणि बिनसालीचं चिकन. चिहुआहुआ किंवा टॉय पॉमचं छोटं पिल्लू, ज्याची काही तास न खाल्लं की शुगर पडते, त्याला तर दर तीन-चार तासांनी थोडं खाणं आणि त्यात कार्ब्स हवेतच. अशा घरात कुणी जाऊन "एक कण धान्य देऊ नका" सांगितलं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून ट्रेनरने फक्त ट्रेनिंग द्यावं.

आता तुमच्या लॅबचं. 34 किलो म्हणजे त्याच्यावर चार-पाच किलो जास्त आहेत असं मी धरतो, बरगड्यांवर हात फिरवून बघा, न दाबता लागल्या पाहिजेत, आणि वरून बघितल्यावर कंबर दिसली पाहिजे. लॅबमध्ये भुकेशी संबंधित एका जीनमध्ये बिघाड असलेले बरेच असतात, केंब्रिजच्या लोकांनी 2016 मध्ये ते शोधलं, त्यामुळे तो सतत मागतो म्हणून भूक लागलीच आहे असं समजू नका. 29 किलो टार्गेट धरलं तर दिवसाला साधारण 875 कॅलरी. त्या अशा भरा: बिनसालीचं बोनलेस चिकन, मांडीचं, कच्चं वजन 300 ग्रॅम, दोन उकडलेली अंडी, 60 ग्रॅम तांदूळ किंवा ज्वारीचं पीठ (पिठाची एक मध्यम भाकरी होते), 200 ग्रॅम दुधी, लाल भोपळा, गाजर असं काहीतरी उकडून, आणि दोन छोटे चमचे करडईचं तेल, लिनोलेइक ॲसिड त्यात भरपूर. यात प्रोटीन 78 ग्रॅमच्या आसपास जातं आणि कार्ब्स चौथा हिस्सा कॅलरी. अंड्याची टरफलं धुवून, वाळवून, मिक्सरमध्ये अगदी पीठ करा, दिवसाला पाऊण छोटा चमचा, तो त्याचा कॅल्शियम. झिंक, कॉपर, आयोडिन, व्हिटॅमिन डी, ई या घरगुती खाण्यात हमखास कमी पडतात, 2013 मध्ये अमेरिकेत घरगुती डॉग फूडच्या 200 रेसिपी तपासल्या होत्या त्यात 190 मध्ये काही ना काही कमी निघालं, म्हणून तुमच्या डॉक्टरांकडून कुत्र्यांची पूर्ण व्हिटॅमिन-मिनरल पावडर लिहून घ्या, माणसांची मल्टिव्हिटॅमिन गोळी नाही.

घरात रोज चिकन शिजत नसेल तर अंडी चार करा, पनीर, दही, भिजवून उकडलेल्या सोयाच्या वड्या, मुगाची डाळ भाताबरोबर गाळ होईपर्यंत शिजवून. डाळ-भात एकत्र दिला की एकातलं कमी दुसऱ्यात भरून निघतं. फक्त आपली फोडणीची आमटी-खिचडी नाही, कांदा-लसणाने कुत्र्याच्या लाल पेशी फुटतात, मनुका-बेदाण्याने किडनी जाते, शिऱ्यातले बेदाणेसुद्धा वेचून काढा. पिल्लू असेल तर मात्र वरचं काहीही घरच्या घरी जुळवू नका, पिल्लांसाठीचं चांगलं पाकीटबंद फूडच घ्या किंवा न्यूट्रिशन जाणणाऱ्या डॉक्टरकडून मोजून घ्या.

सासूबाईंची पोळी पूर्ण बंद करायला मी सांगणार नाही, त्या भाकरीच्या ऐवजी दीड पोळी त्यांच्या हाताने जाऊ द्या, फक्त भाकरी अधिक पोळी असं नको आणि वर ग्लुकोज बिस्किटं नकोत, ती 100 ग्रॅमला साडेचारशे कॅलरीची असतात आणि चहाबरोबर किती गेली कुणी मोजत नाही. दुधाने शी पातळ होत नसेल तर अर्धी वाटी चालेल, बदल्यात तेल एक चमचा कमी करा.

हा बदल एका दिवसात करू नका. पहिले तीन दिवस जुन्यात चौथा हिस्सा नवीन, मग निम्मं, मग पाऊण, असं आठ-दहा दिवसांत. मधे शी जरा मऊ झाली तर त्याच पायरीवर दोन दिवस थांबा, उलट्या किंवा रक्त दिसलं तर थांबून दाखवून घ्या. वजन दर पंधरा दिवसांनी त्याच काट्यावर करा, महिन्याला एक ते दीड किलो उतरलं पाहिजे. अजिबात हललं नाही तर थायरॉइड आणि ब्लड शुगर एकदा तपासा, आणि तपासायच्या आधी घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारा की तुम्ही त्याला काय देता.